गुलाबी रेघ

१४ ऑक्टोबर

आजपासून लिहायचं ठरवलं. दुपारच्या बैठकीत तोंडापर्यंत आलेलं मी परत गिळलं, आणि त्रेपन्नाव्या वर्षी गिळलेलं पचत नाही. कुठेतरी ओकायला हवं.

झालं असं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, हाम सरांनी, माझा आलेख पडद्यावर लावला. त्यात दोन रेघा, निळी नर उंदरांची आणि गुलाबी माद्यांची. रेघ खाली म्हणजे हृदयाची हानी कमी, वर म्हणजे जास्त. (मी केशरी दिली होती. गुलाबी सरांनीच केली.) हृदयविकाराचा झटका आला की हृदयाचा एक तुकडा मरतो. तिथे रक्तातल्या भक्षक पेशी धावून येतात, मेलेलं खातात, जागा साफ करतात. पण त्या भरात इतका दाह माजवतात की शेजारचा जिवंत भागही होरपळतो. आमचं औषध हा दाह दाबतं. निळी रेघ झकास खाली येते, नर उंदीर औषध घेऊन पुन्हा टुणटुणीत. गुलाबी रेघ मात्र थोडे दिवस बरी राहते आणि मग वर चढायला लागते. माद्यांमध्ये या पेशी मुळात एवढा दंगा करतच नाहीत. त्या कमी येतात, उशिरापर्यंत थांबतात आणि डागडुजी करत बसतात. आमचं औषध नेमकी ती डागडुजी बंद पाडतं. नरांचं हृदय सावरतं, माद्यांचं फुगून ढिलं पडतं.

सर म्हणाले, "सोक मॅडम, ही गुलाबी रेघ काढून टाका."

"का, सर?"

"गोंधळ होतो. माद्यांचं काय, चार दिवसांनी हॉर्मोन बदलले की सगळं बदलतं. अख्खं जग नरांवरच काम करतं."

"औषध अख्ख्या जगातल्या बायकाही घेणार आहेत, सर."

कोणीतरी खोकलं. सर हसले, पण डोळ्यांनी नाही. "डिसेंबरात सोलला हे मांडायचंय. औषध कंपनीची माणसं समोर असतील. वसंतात माणसांवर चाचणी सुरू होणार. आणि मी काय सांगू? अर्ध्या जगाला चालतं, अर्ध्याला नाही?"

होय, तेच सांगा, असं म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसले. शेजारी ह्येसू होती. नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर काम करतो, मला ताई म्हणते. तिने टेबलाखालून माझा हात दाबला आणि टेबलाच्या वर सरांच्या बोलण्याला मान डोलावली. तिचाही दोष नाही. घरी दोन लहान मुलं आहेत.

या माद्या मुळात असायलाच नको होत्या. आमच्या उंदीरखान्यात पिल्लं झाली की नर ठेवतात, माद्या 'जादा' म्हणून मारतात. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, राहू द्या, मी बघते त्यांच्याकडे. माझं नाव पिलनाम. म्हणजे 'आता नक्की मुलगा'. तिसरी मुलगी झाल्यावर आजोबांनी ठेवलं. माझ्यानंतर चौथीही मुलगीच झाली. अशा नावाची बाई त्या पिल्लांना जादा कशी म्हणेल?

१७ ऑक्टोबर

प्रयोगशाळेचा चढ आज जरा उभाच वाटला. वर पोचेपर्यंत छातीत जळजळ. दुपारी तिखट कालवांचं नूडल सूप हादडलं होतं, त्याचं फळ.

घरी आल्यावर आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, देगूच्या बाजारात चाळीस वर्षं सुकी मासळी विकलेली. मासळी ताजी की शिळी हे ती डोळ्यांवरून सांगते, माणसांचंही तसंच.

"चेहरा बघ, शिजवलेल्या मुळ्यासारखा. काय म्हणाला तो मेला?"

"कोण?"

"तुझा सर. दुसरं कोण आहे तुला छळायला? नवरा तर केला नाहीस."

सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "ह्वाब्योंग झालाय तुला." ह्वाब्योंग म्हणजे रागाचा आजार. गिळलेला राग छातीत साचतो आणि तिथे निखारा होऊन बसतो. हा आमच्या बायकांचा वडिलोपार्जित आजार. आईला होता, मोठ्या मावशीला होता. बाबांची आई तर त्यातच गेली, किमचीचं, म्हणजे कोबीच्या लोणच्याचं, मडकं धुता धुता.

मग आईने तिचा इलाज केला. दंड चोळत रक्त खाली उतरवलं, अंगठा दोऱ्याने करकचून बांधला आणि नखाच्या मुळाशी सुई टोचली. काळं रक्त आलं. "बघ, केवढं काळं! अन्न अडकलं होतं आणि रागही." मी लगेच ढेकर दिला. बरं वाटलं. मी पेशींवर पीएच.डी. केली आहे आणि मला माहीत आहे की दोऱ्याने बांधलेल्या अंगठ्यातून कोणाचंही रक्त काळंच येतं. तरी बरं वाटलं, त्याला काय करू?

२५ ऑक्टोबर

काल सगळ्या विभागाचं जेवण. सर बोलावतात तेव्हा जायचंच असतं, आणि सर ग्लास भरतात तेव्हा प्यायचंच असतं. मी पाठ वळवून अदबीने प्यायले, आणि ग्लास ठेवता ठेवता म्हटलं, "सर, आलेखात दोन्ही रेघा राहू देत. वाचणारे ठरवतील."

सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाव बघावं तर 'नक्की मुलगा', आणि वकिली बायकांची!"

हशा पिकला. मीही हसले. मग म्हटलं, "नाव आजोबांनी चुकून ठेवलं, सर. आकडे मी चुकून लिहिलेले नाहीत."

या वेळी कोणी हसलं नाही. ह्येसूने वाटीत तोंड घातलं.

आज सकाळपासून डावा जबडा दुखतोय. कालच्या जेवणात सुका माकूळ मासा भाजून आणला होता, चामड्यासारखा चिवट. राग त्याच्यावर काढला असणार. दंतवैद्याला दाखवलं. तो म्हणाला, दात ठीक आहेत, झोपेत दात खाता का? झोपेत कशाला, मी तर जागेपणी खाते.

३ नोव्हेंबर

ठरलं. पुन्हा मोजायचं, आणि असं मोजायचं की कोणाला बोट ठेवायला जागा उरू नये. हृदयांच्या चकत्यांवर नुसते क्रमांक असतील. नर कोण, मादी कोण, औषध कोणाला दिलं, हे मोजणाऱ्याला कळणार नाही. मोजणार ह्येसू.

"मी नको, ताई," ती म्हणाली. "सरांना कळलं तर?"

"तू फक्त मोज. तुला ठाऊकच नसेल की तू कोणाची बाजू घेतेयस. कोणाच्याच बाजूची नाहीस तू."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला, तुम्ही एकट्या आहात."

हे लागलं. पण खोटं नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन चकत्यांची पेटी घेऊन गेली.

अलीकडे मला एक नवीन सवय लागली आहे. जिन्यात मधल्या पायरीवर बसून विचार करायचा. चांगले विचार सुचतात. आज तिथेच सुचलं की प्रश्न हॉर्मोनचा नसेलच. अंडाशय काढलेल्या माद्यांचीही गुलाबी रेघ तशीच चढते, म्हणजे या पेशी जन्मापासूनच वेगळ्या वागत असाव्यात. दोनतीन विद्यार्थी वाकून, "बरं नाही का, मॅडम?" विचारून गेले. म्हटलं, विचार करतेय, तुम्हीही करत चला.

१० नोव्हेंबर

ह्येसूची मोजणी आली. कोणता क्रमांक कोणाचा, ते उघडलं. तीच निळी रेघ, तीच गुलाबी. इंचभरही फरक नाही.

ह्येसू पडद्याकडे बघत पुटपुटली, "अरे देवा." मग म्हणाली, "माझ्या आईला गेल्या वर्षी झटका आला होता. हे औषध तेव्हा असतं तर तिला दिलं असतं, नाही?"

"दिलं असतं."

मला इतका आनंद झाला होता की दरदरून घाम सुटला होता. नोव्हेंबरात, खिडकी उघडी असताना. आई म्हणते, पाळी जातानाचे चटके. असतील. त्यांनाही आताच वेळ मिळाली.

१२ नोव्हेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतःच्या हाताने जिनसेंगचा चहा दिला, तेव्हाच कळलं की आता गळा कापणार.

"मोजणी बघितली. चांगली आहे. माद्यांचा आपण वेगळा शोधनिबंध लिहू. पुढच्या वर्षी. पहिलं नाव तुमचं."

"आणि चाचणी वसंतात."

"चाचणी वसंतात."

"म्हणजे आधी बायकांना औषध द्यायचं आणि मग निबंध लिहायचा."

सरांनी कप ठेवला. "सोक मॅडम, तुमचा करार फेब्रुवारीत संपतो. एकोणीस वर्षं मी तो दर वर्षी वाढवला. सोलला मी बोलणार आहे. आलेखात एकच रेघ असेल. दुसऱ्या लेखिका म्हणून तुमचं नाव ठेवायचं की नाही, तेवढं कळवा."

मी म्हटलं, "नाव ठेवा." ते खूश झाले. त्यांना वाटलं मी वाकले. लेखिका असले तर सभागृहात बसायचा हक्क राहतो, एवढंच माझ्या मनात होतं. बसून काय करणार ते मला अजून माहीत नाही.

परतताना पाठीत, दोन खवाट्यांच्या मध्ये, कोणीतरी मुठीने दाबतंय असं वाटत होतं. सरांची खुर्ची पाहुण्यांना टोचावी म्हणूनच घेतलेली असणार.

२३ नोव्हेंबर, सकाळ

आज किमची घालायचा दिवस. मोठी मावशी पहाटेच आली. साठ कोबी काल मिठात घातले होते. ते धुवायचे, निथळायचे, पानापानात मसाला भरायचा. आई आणि मावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत, कोपरापर्यंत लाल हातमोजे, आणि एकमेकींच्या मसाल्याला नावं ठेवताहेत.

"मीठ कमी आहे, ताई."

"तुझ्या जिभेलाच चव राहिली नाही."

कोबीच्या टोपल्या उचलून माझा डावा खांदा भरून आलाय. आणि आत्ताच उकडलेलं डुकराचं मांस ताज्या किमचीत गुंडाळून खाल्लं, तेही चार घास जास्तच. अडकलंय. मळमळतंय, जबडाही ठणकतोय. आईने दोन्ही अंगठे टोचले. काळं रक्त आलं पण या वेळी ढेकर काही येत नाही. जरा पडते.

२६ नोव्हेंबर, रुग्णालय

नीट लिहायला आज जमतंय.

रविवारी पडले ती उठलेच नाही. आईने तिसऱ्यांदा सुई काढली. मावशी म्हणाली, "पुरे गं आता, पोरीची बोटं म्हणजे काय चाळण आहे?" आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीत आई म्हणत होती, अन्न अडकलंय, ह्वाब्योंग आहे, सलाईन लावतील. मीही हो हो म्हणत होते.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. नाव जोन. छातीवर तारा लावल्या, रक्त घेतलं, आणि थोड्या वेळाने हसत आला.

"सगळं ठीक आहे, काकू. ईसीजी स्वच्छ, रक्त स्वच्छ. तुमचं हे वय, त्यात किमचीचं काम. ताण घेता का? राग येतो का? आपल्याकडे ह्वाब्योंग म्हणतात ना, तसंच समजा. पित्ताची गोळी देतो. घरी जाऊन आराम करा."

मी उठले. खरं तेच लिहिते. मी उठले आणि बूट घालायला लागले. मला हायसं वाटलं होतं.

आई उठली नाही. तिच्या कोपरांना अजून मसाला लागलेला होता. "काय म्हणालास?"

"ह्वाब्योंग, आजी. काळजीचं काही—"

"ह्वाब्योंग मी म्हणायचं!" अख्खा विभाग वळून बघायला लागला. "मी मासळीवाली. मला दुसरं काही ठाऊक नाही, म्हणून मी ह्वाब्योंग म्हणते. तू एवढी पुस्तकं वाचलीस, एवढी यंत्रं मांडलीस, आणि तूही माझंच मला सांगतोस? मग हिला इथे आणलीच कशाला? सुई तर माझ्या घरीच होती!"

एक बूट माझ्या पायात होता आणि एक हातात. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जबडा, पाठ, खांदा, घाम, मळमळ, जिन्यातली पायरी. हीच यादी मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवते. बायकांना झटका आला की तो असाही येतो, छातीवर हात ठेवून कोसळतातच असं नाही. त्या तासाला मी दर वर्षी टाळ्या घेते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सरांनी आलेखातून माद्या काढल्या म्हणून मी दीड महिना जळत होते, आणि त्याच दीड महिन्यात मी स्वतः एक मादी काढून टाकली होती.

मी खाली बसले. "डॉक्टर, तीन तासांनी रक्त पुन्हा घ्या. हृदयाला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन पहिल्या वेळी सापडत नाही कधी कधी."

"काकू, तुमच्या बाबतीत तशी शक्यता फार—"

"फार कमी आहे. ठाऊक आहे. कोणाच्या आकड्यांवरून कमी आहे तेही ठाऊक आहे."

"पलंग रिकामा करावा लागेल. बाहेर पेशंट आहेत."

"करा. मी खुर्चीवर बसते. मीही पेशंटच आहे."

तो चिडला. नर्स आली, सुरक्षारक्षक आला. आईने पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बैठक मारली आणि रक्षकाला म्हणाली, "हात लावून बघ, बाळा. घरी साठ कोबी सोडून आलेय मी. माझं डोकं फिरलेलंच आहे."

तीन तास बसलो. दुसऱ्या वेळच्या रक्तात प्रथिन होतं, आणि भरपूर होतं. मग एकदम सगळे पळायला लागले. एक धमनी जवळजवळ बंद झालेली होती. तिच्यात स्टेंटची जाळी बसवली.

मला भीती वाटली का? वाटली. छताचे दिवे डोक्यावरून सरकत होते तेव्हा इतकी वाटली की मी मोठ्याने आईला हाक मारली, लहान मुलीसारखी.

काल संध्याकाळी आई सफरचंद सोलत होती. मध्येच सुरी थांबली. "तुझ्या आजीचंही हेच होतं का गं?"

"माहीत नाही, आई."

"मी तिचे दोन्ही अंगठे टोचले होते. तिने मला म्हटलं, सूनबाई, आता बरं वाटतंय. आणि परत मडकं धुवायला बसली." तिने सफरचंदाची फोड माझ्या तोंडात कोंबली आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिचा हात धरला. तिने तो झटकला, मग परत दिला.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर जोन आला. कमरेत वाकून उभा राहिला, वर होईचना. "चूक झाली, काकू."

मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "जेवतोस का वेळेवर?" आणि त्याला किमचीचा डबा दिला. मावशीच्या मसाल्याचा, आईच्या नव्हे. म्हणजे अजून पुरतं माफ केलेलं नाही.

दुपारी हाम सर आले, रसाच्या बाटल्यांचा खोका घेऊन. चेहरा खरंच उतरला होता. एकोणीस वर्षं ओळखते, खोटं वाटत नव्हतं.

"तुम्ही असून तुम्हाला कळलं कसं नाही, मॅडम?"

"गुलाबी रेघ काढायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, सर."

ते खोक्याच्या झाकणाची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "आता सगळं विसरा. आराम करा. सोलचं मी बघतो."

"रेघ?"

"तो विषय आत्ता नको. तुमच्या प्रकृतीला बरा नाही."

आधी माझं नाव आड यायचं, आता माझी प्रकृती आडवी आली. ते गेल्यावर आईने बाटली उघडून रस प्यायला. "चांगला आहे," म्हणाली. "माणूस नाही. रस."

१२ डिसेंबर, सोलहून परतताना, आगगाडीत

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी जायला परवानगी दिली, पण एकटीने नाही अशा अटीवर. आई उकडलेली अंडी आणि संत्री घेऊन आधीच तयार होती.

सभागृह भरलं होतं. सर छान बोलले, बोलतातच. पडद्यावर एकटी निळी रेघ, स्वच्छ, सुंदर. कंपनीची माणसं पहिल्या रांगेत. शेवटच्या पानावर आमची सगळ्यांची नावं. टाळ्या. मग अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न?"

मी उठले. ध्वनिक्षेपक मधल्या वाटेत होता, तिथपर्यंत जायला मला वेळ लागला. सर मला बघत होते, आणि मी त्यांना बघताना बघत होते. जाळी बसवलेली छाती धडधडत होती, आणि मला बरं वाटलं, की धडधडतेय.

"नाव आणि संस्था सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"सोक पिलनाम. हीच प्रयोगशाळा. या कामाची दुसरी लेखिका."

कुजबुज झाली. स्वतःच्याच सरांना चारचौघांत प्रश्न विचारणं आमच्याकडे होत नाही. होऊ शकतं असंही कोणाला वाटत नाही.

"सरांना माझा एकच प्रश्न आहे. माद्यांचं काय झालं?"

सर म्हणाले, "या अभ्यासात माद्या नव्हत्या."

"होत्या, सर. नरांइतक्याच होत्या. औषध दिल्यावर त्यांची हृदयं बिघडली. दोनदा मोजलंय."

"मॅडमची तब्येत अलीकडे ठीक नाही," सर अध्यक्षांना हळू आवाजात म्हणाले. पण त्यांच्या कॉलरला ध्वनिक्षेपक लावलेला होता. सगळ्यांनी ऐकलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात मला झटका आला. डॉक्टर म्हणाले राग आहे, घरी जा. आज मी रागावलेली आहेच, तेही खरं. पण आकडे रागावलेले नाहीत."

अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले. वेळ संपली, पुढचे वक्ते, असं काहीतरी ते म्हणणार, आणि मी एकटी त्या वाटेत उभी. तेवढ्यात मागे खुर्ची वाजली. ह्येसू. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. ती चालत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि ध्वनिक्षेपक स्वतःकडे वळवला.

"दुसरी मोजणी मी केली," ती म्हणाली. मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "दुसरी मोजणी माझी आहे. मोजताना मला माहीत नव्हतं नर कोण आणि मादी कोण. ताई खोटं बोलत नाहीत."

पहिल्या रांगेतून एक पिकल्या केसांच्या बाई वळल्या. कंपनीच्या चाचणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, हे मागाहून कळलं. त्या सरांशी बोलल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "ते आकडे कुठे आहेत?"

"माझ्या पिशवीत," मी म्हटलं. "माझी आई धरून बसलीय."

आईने शेवटच्या रांगेतून पिशवी उंच धरली. दोन संत्री घरंगळत पार मंचापर्यंत गेली.

लिफ्टपाशी सर भेटले. "तुम्ही माझी साथ सोडाल असं वाटलं नव्हतं."

"सर, घरी तुमच्या बाईसाहेब आहेत, दोन मुली आहेत. उद्या वेळ आली तर हे औषध द्याल त्यांना?"

सरांनी लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

आता बाहेर काळोख होतोय. आई शेजारी अंडं सोलतेय. ह्येसू समोर बसून मघापासून रडतेय आणि खातेय. "नोकरी गेली तर?" ती विचारते. आई तिला म्हणते, "सुकी मासळी विकायला शिकवीन. तोंड आहे तुला, आजच कळलं."

२० डिसेंबर

माझा करार वाढवणार नसल्याचं सरांनी कळवलं आहे. कंपनीकडूनही कळलं. वसंतातल्या चाचणीत बायकांना औषध द्यायचं तूर्त थांबवलं आहे. आधी माद्यांवर पुन्हा काम होईल, दुसऱ्या प्रयोगशाळेत. त्यांनी विचारलंय, येऊन दाखवाल का? दाखवीन. फेब्रुवारीनंतर मला वेळच वेळ आहे. ह्येसूची नोकरी आहे अजून. सर तिच्याशी बोलत नाहीत. ती म्हणते, शांतता चांगली असते.

आज सकाळी आई भाताची पेज पिता पिता थांबली. "अडकलं काहीतरी." आणि हात एप्रनला पुसून सुईदोरा काढायला उठली.

मी सुई काढून घेतली. "आधी ईसीजी."

"अगं, पेज आहे ती! पेजेने कोण मरतं?"

"आजीला विचारू या?"

हे मी बोलायला नको होतं. पण ती मुकाट्याने कोट घालायला गेली.

डॉक्टर जोनच होता. तारा लावल्या, रक्त घेतलं. सगळं स्वच्छ. टॅक्सीतच आईला सणसणीत ढेकर आला होता आणि आता तिला बाजारात जायचं होतं. ती बूट घालायला लागली.

"बसा, आजी," तो म्हणाला. "तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचंय."

"कशाला? स्वच्छ आहे म्हणालास ना?"

"इथे बायकांचं दोनदा घेतोच आम्ही. नियम आहे."

"कधीपासूनचा?" आईने डोळे वटारले.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तेवीस नोव्हेंबरपासूनचा," तो म्हणाला.